‘आइनस्टाइन हरला, क्वांटम थिअरी पूर्ण झाली’ ह्या फॉरवर्डला उत्तर, एकेक वाक्य धरून

गेल्या दोन आठवड्यांत एकच मेसेज मला पाच ठिकाणांहून आला. सोसायटीचा ग्रुप, कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवरच्या सकाळच्या मंडळींचा ग्रुप, माहेरचा ग्रुप, आणि दोनदा तर माझ्याच बारावीच्या पोरांकडून. मी गंगापूर रोडला अकरावी-बारावीचं फिजिक्स शिकवते, बावीस वर्षं झाली, त्यामुळे असलं काही आलं की लोक ‘मॅडम हे खरं का’ म्हणून मलाच टॅग करतात. ज्यांच्यापर्यंत तो मेसेज पोचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते त्यात काय आहे ते (क्वांटम थिअरी म्हणजे अणू, इलेक्ट्रॉन असल्या सूक्ष्म कणांचे नियम सांगणारी थिअरी).

आइनस्टाइनने क्वांटम थिअरी चुकीची आहे असं म्हटलं कारण त्याला ती कळलीच नाही. २०२२ च्या नोबेलने तो खोटा ठरला आणि थिअरी शंभर टक्के पूर्ण आहे हे सिद्ध झालं. दोन कण विश्वाच्या दोन टोकांना असले तरी प्रकाशापेक्षा जास्त वेगाने एकमेकांना निरोप देतात. माणूस बघतो म्हणूनच कण अस्तित्वात येतो, म्हणजे मन हेच सत्य, हे आपल्या ऋषींनी सांगितलं होतं आणि श्रोडिंगरने समीकरण तिथूनच घेतलं. आणि शेवटी, मोबाइल, लेसर, एमआरआय सगळं ह्याच थिअरीवर चालतं, मग ती अपूर्ण कशी असेल.

मी एरवी असल्या मेसेजला उत्तर देत नाही. पण आमच्या बॅचमधली एक मुलगी, जिला आयसर ह्या विज्ञान संस्थेची परीक्षा द्यायचीय आणि जी खरंच मनापासून अभ्यास करते, ती क्लास सुटल्यावर थांबली आणि म्हणाली, मॅडम, सगळं सिद्ध झालंय तर मग ह्या विषयात करण्यासारखं उरलंय काय? तेव्हा ठरवलं की लिहायचं.

आता पहिलं वाक्य. ‘चुकीची’ आणि ‘अपूर्ण’ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि अख्खा वाद ह्या फरकावरच उभा आहे. द्राक्षाचं क्रेट काट्यावर ठेवलं आणि काट्याने वजन अगदी बरोबर दाखवलं, तरी आतल्या घडात साखर किती, मणी तडकलेत का, हे काटा सांगत नाही, म्हणून काही काटा चुकीचा ठरत नाही. मे १९३५ मध्ये आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन ह्या तिघांचा चार पानी पेपर फिजिकल रिव्ह्यू मध्ये आला, त्याला सगळे ईपीआर पेपर म्हणतात. त्याचं शीर्षकच एक प्रश्न आहे, क्वांटम मेकॅनिक्स भौतिक वास्तवाचं जे वर्णन करतं ते पूर्ण मानता येईल का. पहिल्याच पानावर त्यांनी लिहिलंय की थिअरीला दोन प्रश्न विचारायचे असतात, ती बरोबर आहे का आणि तिने दिलेलं वर्णन पूर्ण आहे का, आणि इथे आम्ही दुसरा प्रश्न घेतोय. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आज आपण त्याला ‘खोटा’ म्हणतोय ती तो त्या पेपरात म्हणतच नव्हता. आणि शेवटी काय म्हटलंय? की वेव्ह फंक्शन, म्हणजे थिअरीत कणाचं वर्णन करणारं गणित, पूर्ण वर्णन देत नाही हे आम्ही दाखवलं, तसं पूर्ण वर्णन असू शकतं का हा प्रश्न आम्ही मोकळा सोडतोय, पण शक्य असावं असं आम्हाला वाटतं. इतकी जपून केलेली मांडणी आहे ती.

‘कळली नाही’ ह्याबद्दल तर मला वाईटच वाटतं. प्रकाश पुड्यापुड्यांनी येतो हे १९०५ साली मांडणारा तोच, त्याला १९२१ चं नोबेल मिळालं ते रिलेटिव्हिटीसाठी नव्हे, फोटोइलेक्ट्रिक इफेक्टसाठी, जो आमची पोरं बारावीला शिकतात. लेसर ज्या तत्त्वावर चालतो ते स्टिम्युलेटेड एमिशन त्याने मांडलं, १९१६-१७ च्या सुमारास. सत्येंद्रनाथ बोस ह्यांनी १९२४ साली ढाक्याहून पाठवलेला पेपर वाचून त्याने स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून छापायला दिला. आणि ज्या थिअरीबद्दल त्याला शंका होती ती उभी करणाऱ्या हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर ह्यांची नावं नोबेलसाठी सुचवणाऱ्यांमध्ये तो होता. विरोधक म्हणजे अडाणी, ही सवय आपल्याला कुठून लागली कोण जाणे. २०२१ ला आपल्या नाशिकला साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष होते जयंत नारळीकर, त्यांनी फ्रेड हॉइल ह्यांच्याबरोबर स्थिर विश्वाच्या सिद्धांतावर काम केलं आणि बिग बँगबद्दल शेवटपर्यंत प्रश्न विचारले, बहुतेक शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला होते, पण म्हणून नारळीकरांना विश्वशास्त्र कळत नव्हतं असं कुणी म्हणेल का?

आणि ते ‘देव फासे टाकत नाही’ वालं. १९२६ च्या डिसेंबरात माक्स बॉर्नला लिहिलेल्या पत्रातला तो विचार आहे, पण त्यावरून लोकांना वाटतं की त्याची सगळी तक्रार फाशांबद्दल, म्हणजे योगायोगाबद्दल होती. पुढे त्याचं मुख्य दुखणं वेगळं होतं. दोन वस्तू लांब लांब असतील तर एकीला हात लावल्याने दुसरीची स्थिती तिथल्या तिथे बदलू नये, प्रत्येकीची आपापली खरी स्थिती असावी, एवढं त्याला हवं होतं. ईपीआर पेपर छापून आल्यावर जून १९३५ मध्ये त्याने श्रोडिंगरला कळवलंय की पेपर पोडोल्स्कीने लिहिला आणि मूळ मुद्दा गणिताच्या पसाऱ्यात दबला.

दुसरं वाक्य, म्हणजे नोबेलवालं, ह्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण खरी मजा इथे आहे.

आइनस्टाइनचा मुद्दा साधा करून सांगते. एकाच ठिकाणाहून दोन कण निघाले, लांब गेले. एकावर मोजमाप केलं की दुसऱ्यावर तेच मोजमाप केलं तर काय येईल हे मला खात्रीने सांगता येतं. दुसऱ्याला तर मी हातही लावला नाही, आणि इथल्या मोजमापाचा तिथे परिणाम होत नाही असं धरलं तर मग ते उत्तर त्या कणाजवळ आधीपासूनच असलं पाहिजे ना? पण क्वांटम थिअरीच्या वेव्ह फंक्शनमध्ये ते उत्तर कुठेच लिहिलेलं नाही, तिथे फक्त शक्यता आहेत. म्हणजे थिअरीत काहीतरी लिहायचं राहिलंय. क्वांटम थिअरीची बाजू लढवणाऱ्या नील्स बोरने त्याच वर्षी, अगदी त्याच शीर्षकाचा पेपर लिहून उत्तर दिलं, की कण आणि मोजायची सगळी मांडणी अशी वेगळी काढताच येत नाही. बहुतेकांनी बोर जिंकला असं धरलं आणि कामाला लागले.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९३२ साली फॉन नॉयमन ह्या मोठ्या गणितज्ञाने आपल्या पुस्तकात एक सिद्धता दिली, की क्वांटम थिअरीच्या आत लपलेली, आधीच ठरलेली उत्तरं घालून तेच निकाल काढणं शक्यच नाही. झालं, सगळे म्हणायला लागले सिद्ध झालंय, विषय संपला. १९३५ मध्ये ग्रेटे हरमन ह्या जर्मन गणितज्ञ बाईने दाखवून दिलं की सिद्धतेत एक गृहीतक असं आहे जे धरायचं काही कारणच नाही. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. १९५२ मध्ये डेव्हिड बोमने द ब्रॉयलीची १९२७ ची जुनी कल्पना पुन्हा उभी केली आणि जे अशक्य म्हणून सिद्ध झालं होतं ते करूनच दाखवलं, कणांना नेहमी नेमकी जागा आहे, एक लाट त्यांना वाट दाखवते, आणि निकाल तंतोतंत क्वांटम थिअरीचेच. ते वाचून जॉन बेल ह्या भौतिकशास्त्रज्ञाची झोप उडाली आणि त्याने पुढे फॉन नॉयमनच्या सिद्धतेतली तीच फट पुन्हा दाखवली, १९६६ ला छापून आलं. म्हणजे मधली तीस वर्षं एका ‘सिद्ध झालंय’ ह्या शब्दाने दार लावून ठेवलं होतं, आणि त्या दाराला फट आहे हे सांगणारी बाई तिसऱ्याच वर्षी बोलली होती. म्हणून मला हा शब्द फॉरवर्डमध्ये दिसला की राहवत नाही.

बरं, बेल. सर्न ह्या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत नोकरी, हा विषय जवळजवळ फावल्या वेळातला. १९६४ मध्ये त्याचा सहा पानी पेपर आला, आणि त्यात त्याने आइनस्टाइन-बोर वादाला प्रयोगाच्या टेबलावर आणलं. ते कसं ते मी पोरांना पत्त्यांनी शिकवते, तुम्हीही करून बघा.

समजा दोन जुळे भाऊ आहेत. एकाला पंचवटीत एका खोलीत बसवलं, दुसऱ्याला नाशिकरोडला. मोबाइल काढून घेतले. प्रत्येकाला तीन प्रश्नांपैकी एक विचारायचा, कुठला ते ऐनवेळी फासा टाकून ठरवायचं, आणि त्याने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. हे शेकडो वेळा केलं. असं दिसलं की दोघांना एकच प्रश्न आला की उत्तर दरवेळी सारखंच येतं, एकदाही चूक नाही. आता तुम्ही काय म्हणाल? की निघायच्या आधी द्वारका चौकात चहा पिता पिता दोघांनी चिठ्ठी लिहून घेतली, पहिल्याला हो, दुसऱ्याला हो, तिसऱ्याला नाही, असं काहीतरी. दुसरं काय असणार. आइनस्टाइनचंही हेच म्हणणं, की चिठ्ठी आहे, तुमच्या थिअरीत ती दिसत नाही एवढंच.

आता ज्या वेळी दोघांना वेगवेगळे प्रश्न आले ते डाव बाजूला काढा. चिठ्ठीवर तीन घरं आणि भरायला फक्त दोन शब्द, हो आणि नाही, म्हणजे निदान दोन घरांत एकच शब्द येणारच. हो-हो-नाही घ्या. पहिला-दुसरा जुळतो, पहिला-तिसरा नाही, दुसरा-तिसरा नाही, तीनात एक. हो-हो-हो घेतलं तर तीनही जुळतात. आठच चिठ्ठ्या शक्य आहेत, आठही तपासा, तीनात एकापेक्षा कमी जुळणारी चिठ्ठी निघत नाही. म्हणजे वेगळ्या प्रश्नांचे १२०० डाव असतील तर चिठ्ठीवाल्या भावांची उत्तरं निदान ४०० वेळा, थोडं इकडेतिकडे, जुळायलाच हवीत. हे फिजिक्स पण नाही, हे मोजणं आहे, चौथीतलं पोर करेल.

आता भावांच्या जागी जुळे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, ठेवा, तीन प्रश्नांच्या जागी पोलरायझर (ठरावीक दिशेचाच प्रकाश पार सोडणारी पट्टी) तीन कोनांत, ०, ६० आणि १२० अंश, आणि पार गेला म्हणजे हो, अडला म्हणजे नाही. क्वांटम थिअरी सांगते की एकाच कोनाला उत्तर नेहमी जुळेल, आणि वेगळ्या कोनांना जुळण्याची शक्यता ६० च्या कोसाइनचा वर्ग, म्हणजे एक चतुर्थांश. १२०० मध्ये ३००. चारशेच्या खाली! कुठलीही चिठ्ठी लिहून हे होत नाही. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा त्या रात्री मला झोप लागली नव्हती, आजही फळ्यावर लिहिताना अंगावर काटा येतो.

प्रत्यक्ष प्रयोगांत ह्याच कल्पनेचं थोडं वेगळं रूप वापरतात, १९६९ मध्ये क्लाउजर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट ह्यांनी दिलेलं, त्यात जुळणीवरून एक आकडा काढतात, चिठ्ठीची मर्यादा २ आणि क्वांटम थिअरी जाऊ शकते २.८३ पर्यंत. १९७२ मध्ये बर्कलीत फ्रीडमन आणि क्लाउजर ह्यांनी पहिला प्रयोग केला, आणि गंमत म्हणजे क्लाउजरला मनातून वाटत होतं की आइनस्टाइनच बरोबर निघेल. निघाला नाही. १९८२ मध्ये फ्रान्सला अॅलाँ आस्पेच्या टीमने फोटॉन वाटेत असतानाच प्रश्न बदलायची सोय केली, अंतर साधारण १२ मीटर. मग झायलिंगरच्या टीमने १९९८ मध्ये इन्सब्रुकला ४०० मीटर. आणि २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या डेल्फ्टमध्ये दोन हिऱ्यांमधले इलेक्ट्रॉन घेऊन १.३ किलोमीटरवर, म्हणजे आपल्या सीबीएस बसस्टँडवरून पायी निघालात तर पंधरा-वीस मिनिटांत जाल तेवढ्या अंतरावर, प्रकाशालाही तिथे पोचायला चार मायक्रोसेकंद लागतात त्याच्या आत मोजमाप उरकून, २४५ डाव झाले आणि आकडा आला २.४२. आधीच्या प्रयोगांत चिठ्ठीवाल्यांना उरलेल्या मोठ्या पळवाटा तिथे एकदम बंद झाल्या, त्याच वर्षी व्हिएन्ना आणि अमेरिकेतही तसेच प्रयोग झाले.

म्हणजे आइनस्टाइन कुठेतरी चुकला, हे मी लपवणार नाही. त्याला जे हवं होतं, चिठ्ठीही आणि लांबच्या लांब परिणाम नको हेही, ते दोन्ही एकत्र मिळत नाही. ते गेलं. पण ‘थिअरी पूर्ण आहे’ हे त्यातून कसं निघालं? २०२२ चं नोबेल ह्याच क्लाउजर, आस्पे आणि झायलिंगर ह्यांना कशासाठी दिलं तर फोटॉनवरच्या प्रयोगांतून बेलची मर्यादा, म्हणजे आपली चिठ्ठीची मर्यादा, ओलांडली जाते हे प्रस्थापित केलं आणि क्वांटम माहितीशास्त्राची वाट काढून दिली, ह्यासाठी. ‘पूर्ण’ हा शब्दच त्यात नाही. बोमची थिअरी आजही उभी आहे, तिच्यात चिठ्ठी आहे पण ती लांबून बदलते, निकाल सगळे तेच. १९५७ ची एव्हरेटची मांडणी म्हणते की दोन्ही उत्तरं येतात, आपण एका फांदीवर असतो. काही थोडे लोक म्हणतात की फाशाने निवडलेला प्रश्नच मोकळा नसतो, मला ते पटत नाही पण बेलच्या गणिताला ते धरून आहे. आणि स्वतः बेल, ज्याच्या नावाने आपण आइनस्टाइनला हरवतोय, तो आयुष्यभर बोमच्या बाजूने बोलला आणि नेहमीच्या पाठ्यपुस्तकी मांडणीवर नाराज राहिला. प्रयोगांनी एक दार बंद केलं, ते कुठलं हे नीट सांगायला हवं.

तिसरं वाक्य, प्रकाशापेक्षा वेगवान निरोप. हे चूक आहे, आणि पोरांनी लक्षात ठेवावं म्हणून कारण सांगते. नाशिकरोडच्या भावाकडे काय दिसतं? हो, नाही, नाही, हो, हो, अशी निम्मी-निम्मी रांग, नाणं उडवल्यासारखी. पंचवटीत कुठला प्रश्न विचारला, विचारला की नाही, ह्याने त्या रांगेत काडीचा फरक पडत नाही. जुळणी दिसते ती दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर, आणि याद्या शेजारी आणायला फोन करा नाहीतर रिक्षाने जा, प्रकाशाच्या वेगाच्या आतच. क्वांटम टेलिपोर्टेशनचंही (एका कणाची स्थिती लांबच्या दुसऱ्या कणावर उतरवणं) तेच, १९९३ च्या मूळ योजनेतच साधा निरोप पाठवावा लागतो, तो पोचेपर्यंत पलीकडे काही उपयोग नाही. आणि ‘विश्वाची दोन टोकं’ हे कुणी केलेलं नाही, २०१७ ला चीनच्या मिशिअस उपग्रहावरून १२०० किलोमीटर अंतरावरच्या दोन केंद्रांना जुळे फोटॉन पाठवले, तेच केवढं मोठं काम आहे. जुळणी कशामुळे होते हा प्रश्न उरतोच, पण तो निरोपाचा नाही.

चौथं वाक्य मात्र सगळ्यात जास्त शेअर होतं, कारण ते ऐकायला छान वाटतं. माणूस बघतो म्हणून कण अस्तित्वात येतो. व्हिएन्नात १९९९ मध्ये ६० कार्बन अणूंच्या, फुटबॉलसारख्या रेणूंनी लाटेसारखे पट्टे पाडून दाखवले. मग २००४ मध्ये तिथेच ७० अणूंच्या रेणूंना वाटेत लेसरने तापवलं. तापलेली वस्तू प्रकाश सोडते, तसे रेणू फोटॉन सोडायला लागले, त्या फोटॉनमधून रेणू कुठे आहे ह्याची माहिती बाहेर जायला लागली, आणि जसजसं तापमान वाढलं तसतसे पट्टे पुसत गेले. ते फोटॉन कुणी बघितले? कुणीच नाही. लॅबच्या भिंतीत गेले असतील. बघायला माणूस लागत नाही, मन लागत नाही, माहिती आजूबाजूला सांडली की पुरतं. ‘निरीक्षण’ ह्या शब्दाने घोळ केलाय, आपण निरीक्षण म्हटलं की डोळे समजतो. हो, युजीन विग्नरसारख्या मोठ्या माणसाने १९६१ मध्ये जाणिवेची बाजू मांडली होती हे खरं आहे, आणि पुढे त्यानेच ती सोडली हेही खरं आहे.

आणि श्रोडिंगर. त्याला वेदान्ताची मनापासून ओढ होती, त्याने त्यावर लिहिलंय, हे नाकारायचं कारण नाही. पण १९२६ च्या समीकरणापर्यंत तो कसा पोचला हे उघड आहे, १९२४ मध्ये द ब्रॉयलीने आपल्या प्रबंधात कणांना लाट जोडली, ते वाचून श्रोडिंगर त्या लाटेचं समीकरण शोधायला बसला आणि हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्या बरोबर निघाल्या. माझे वडील रोज सकाळी रामकुंडावरून आले की ईशावास्य म्हणायचे, मला ते अजून पाठ आहे आणि माझं त्यावर प्रेम आहे. उपनिषदांना मोठं व्हायला श्रोडिंगरच्या सहीची गरज नाही, आणि हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्यांना उपनिषदाच्या आधाराची नाही. दोन्हीची अशी सरमिसळ केली की दोन्ही वाचायचे कष्ट वाचतात, बाकी काही होत नाही.

राहिलं शेवटचं, की सगळं ह्यावर चालतं मग अपूर्ण कशी. चालतं हे शंभर टक्के मान्य. इलेक्ट्रॉनचं चुंबकीय मूल्य थिअरीने काढलेलं आणि प्रयोगात मोजलेलं साधारण एक लाख कोटीत एक भाग इतकं जुळतं, माणसाने केलेल्या कुठल्याही हिशोबात इतकी जुळणी क्वचितच असेल. पण न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाने १८४६ मध्ये कागदावर नेपच्यून शोधून दिला होता, आणि त्याच गणितात बुधाच्या कक्षेचा शंभर वर्षांत ४३ विकलांचा फरक बसत नव्हता, तो १९१५ मध्ये आइनस्टाइनच्या नव्या थिअरीने बसला. आणि न्यूटनला तर स्वतःलाच खटकत होतं की मध्ये काही नसताना एक वस्तू दुसरीला लांबून ओढते कशी, त्याने पत्रात तसं लिहून ठेवलंय. चालणं आणि पूर्ण असणं ह्यात सव्वादोनशे वर्षांचं अंतर पडलं तिथे.

मग क्वांटम थिअरीत नेमकं काय राहिलंय? एक तर मोजमाप. श्रोडिंगरचं समीकरण गुळगुळीत चालतं, कुठेही उडी नाही, कुठेही योगायोग नाही. आणि मोजलं की आपण पुस्तकात दुसराच नियम लावतो, आता एकच उत्तर राहील, त्याची शक्यता अमुक. पण मोजणं म्हणजे काय हे थिअरी सांगत नाही. किती मोठी वस्तू झाली की दुसरा नियम लागू? डिटेक्टर पण अणूंचाच बनलाय ना, मग त्याला पहिला नियम का नाही? श्रोडिंगरने १९३५ मध्ये पेटीत बंद, एका अणूवर जगणं-मरणं टांगलेलं मांजर आणलं ते हेच दाखवायला, मांजर खरंच जिवंत आणि मेलेलं असतं हे सांगायला नाही. मघाशी म्हटलं तसं माहिती सांडल्याने पट्टे का पुसतात हे कळतं, पण अनेक शक्यतांपैकी एकच आपल्या वाट्याला का येते हे त्याने सुटत नाही. २०१९ पर्यंत २००० अणूंच्या रेणूंनीही लाटेसारखं वागून दाखवलंय, सीमा अजून सापडलेली नाही.

आणि हे नुसतं तत्त्वज्ञान आहे असं कुणी म्हणू नका. १९८६ मध्ये इटलीतल्या गिरार्डी, रिमिनी आणि वेबर ह्यांनी समीकरणातच किंचित बदल सुचवला, की वेव्ह फंक्शन अधूनमधून आपोआप कोसळतं, छोट्या वस्तूंत फार क्वचित, मोठ्यांत लगेच. असा बदल खरा असेल तर त्याच्या खुणा मोजता येतात. भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोझची कल्पना, की कोसळायला गुरुत्वाकर्षण कारण आहे, तिची साधी आवृत्ती २०२० मध्ये इटलीतच ग्रान सासो डोंगराच्या पोटातल्या लॅबमध्ये तपासली, ती खरी असती तर जेवढं किरणोत्सर्जन दिसायला हवं होतं तेवढं दिसलं नाही, आवृत्ती बाद झाली, आता सुधारलेल्यांवर काम चालू आहे. म्हणजे थिअरी पूर्ण आहे का हा प्रश्न घेऊन लोक आजही जमिनीखाली डिटेक्टर लावून बसलेत. मग ते संपलं कसं म्हणायचं?

गुरुत्वाकर्षण म्हटलं तर दुसरी मोठी जागा तीच. क्वांटम थिअरी आणि जनरल रिलेटिव्हिटी, म्हणजे आइनस्टाइनची गुरुत्वाकर्षणाची थिअरी, अजून एका चौकटीत बसलेल्या नाहीत, कृष्णविवरात गेलेल्या माहितीचं काय होतं हे हॉकिंगने १९७६ मध्ये विचारलं, त्यावर अजून वाद आहे. ही अपूर्णता आणि आइनस्टाइनची अपूर्णता एकच की वेगळ्या, हेसुद्धा ठरलेलं नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर मोजमापाचा प्रश्न खरा आहे, आणि ‘गप्प बसा आणि गणित करा’ हे उत्तर मला विद्यार्थ्यांना द्यायला आवडत नाही, जरी परीक्षेपुरतं मीही त्यांना गणितच करायला लावते.

त्या मुलीला मी हे सगळं एका दमात सांगितलं नाही. तिला आधी आठ चिठ्ठ्या लिहायला लावल्या. तांबडा पत्ता म्हणजे हो, काळा म्हणजे नाही, ती गच्चीत, तिची मैत्रीण खाली पार्किंगमध्ये, आणि प्रश्न कुठला ते दोन वेगळ्या फाशांवर. थोड्या डावांत कधी कधी जुळणी तिसऱ्या हिश्श्याच्या खाली जाते, पोरी खूष होतात, मग खेळत राहिलं की वर येते. शेवटी तिने विचारलं, मॅडम पण मग फोटॉन करतो कसं? मी म्हटलं, हेच तर विचारत होतीस ना, काय उरलंय म्हणून. देशाने २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६००३ कोटी रुपये ठरवलेत, लॅब वाढतील, तिला तिथे जायचंय, तर हा प्रश्न बरोबर घेऊन जाऊ दे.

रविवारी साडेपाचला गच्चीत पुन्हा खेळणार आहोत. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्या काकांनाही मी बोलावलंय आणि ते येतो म्हणालेत. पत्ते माझ्याकडे आहेत, फासे दोन लागतील, कुणाकडे असतील तर घेऊन या.